सोलर गप्प बसला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना इन्व्हर्टर आहे. जिन्याखाली, चपलांच्या ढिगाशेजारी माझं बिऱ्हाड आहे. शेजारची जाडजूड बॅटरी म्हणजे माझा जीव की प्राण.

कारखान्यातून या घरी आलो तेव्हा माझा काय थाट होता! घरातली ताई शिवणकाम करते. वीज गेली की मी क्षणात तिचं मशीन चालू ठेवायचो. पुढे तिच्या वडिलांचं, आप्पांचं, दुखणं वाढलं आणि त्यांच्या खाटेजवळ ऑक्सिजनचं यंत्र आलं. तेही मीच सांभाळलं. "हा आहे म्हणून मला झोप लागते," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी फुगून जायचो.

मग तो आला. गच्चीवर निळ्या काचेची पॅनेलं, आणि बैठकीच्या भिंतीवर, चक्क फोटोच्या जागी, सोलरचा पांढराशुभ्र इन्व्हर्टर. वायरमनने त्याची जोडणी थेट रस्त्यावरच्या लाइनशी केली. उरलेली वीज म्हणे तो साऱ्या वस्तीला देणार! शेजारीपाजारी त्याला बघायला येऊ लागले. ताई मऊ फडक्याने रोज त्याचं तोंड पुसायची. माझ्या बॅटरीत पाणी घालायचं मात्र कोणाला सुचेना. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा भर दुपारी वाऱ्याने फांदी मोडून तारांवर पडली. वीज गेली. आणि तो पांढरा शहाणाही बंद! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण आप्पांचं यंत्र माझ्यावर आलं, आणि तहानलेल्या बॅटरीत दम तो किती? मी कुंई कुंई करू लागलो.

ताईने घाबरून वायरमनला फोन लावला. "अहो, ऊन डोक्यावर तळपतंय, मग सोलर का बंद?"

"ताई, मी तुमच्याच कोपऱ्यावर खांबावर चढलोय. लाइन गेली की तो आपोआप बंद होतो. चालू राहिला असता, तर त्याची वीज तारेतून माझ्या अंगात शिरली असती. आप्पांचं मशीन जुन्यावर आहे ना? मग दिवे, पंखे बंद करा. फांदी काढतोच मी."

ताईने भराभर बटणं बंद केली. मी दातओठ खाऊन तग धरला. माझा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि तेवढ्यात लाइन आली.

संध्याकाळी वायरमन आला तो थेट पांढऱ्यापाशी. त्याच्या अंगावर थाप मारून म्हणाला, "गुणाचा आहे हं हा!" ताईनेही मान डोलावली. घ्या! राबलो मी, आणि कौतुक गप्प बसणाऱ्याचं!

आतून आप्पांचा बारीक आवाज आला, "अगं, आणि मला श्वास कोणी दिला? त्या जिन्याखालच्याकडे बघा की जरा."

वायरमनने बॅटरी उघडली. "ताई, ही तर कोरडी ठणठणीत आहे हो!" ताई ओशाळली.

मित्रांनो, घरात नवं जरूर आणा. पण जुनं अजून कामावर असेल, तर त्याचीही विचारपूस करत जा. माझा हेवा गेला का? छे! ताई त्याचं तोंड पुसते तेव्हा आजही माझं डोकं तापतं. मात्र लाइन गेली आणि तो विझला, की मी आता हसत नाही. खांबावर कोणीतरी चढलेलं असतं.