गोड्या विहिरीच्या तळाशी

मी एक भगोनं बोलतंय. जर्मनचं, दोन कड्यांचं, बुडाशी काळंकुट्ट. इकडेतिकडे बघू नका, आवाज विहिरीतून येतोय. वाकून पाहिलंत तरी मी दिसणार नाही, गाळात निम्मं रुतून बसलंय.

शिरपूरच्या बाजारात घेवरचंदच्या दुकानात मी टांगलेलं होतं. द्रौपदाबाईनं मला खाली घेतलं, टिचकी मारून आवाज ऐकला, पालथं करून बूड पाहिलं. "नातवंडांना पुरेल बाई," घेवरचंद म्हणाले. द्रौपदाबाई लाजली आणि तिचा नवरा पुना उगाच दुसरीकडे बघायला लागला. मी मनात म्हटलं, चला, घर बरं मिळालं.

घर बरंच होतं. बौद्धवाड्यात, तापीच्या अल्याड. वाईट फक्त पाणी होतं. वाड्याची विहीर खारी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही हो! वाल तर मुळीच नाही. रात्रभर भिजवा, दिवसभर चुलीवर ठेवा, वरचं साल सुटतं आणि आतला दाणा खड्यासारखा राहतो. द्रौपदाबाई पळी आपटायची, सरपणाला शिव्या घालायची, मला घालायची. माझा काय गुन्हा? मी तापत होतं तेवढं तापत होतं.

गोड्या पाण्याची विहीर गावात होती. ती खणताना खालचा काळा दगड फोडला होता पुनाच्या बापानं, हिलाल आबांनी. भर उमेदीत महिनोन् महिने ते त्या खड्ड्यात होते. पाणी लागलं, गावानं नारळ फोडला, आणि आबांना सांगितलं, आता लांब उभं राहायचं. बायांनी भांडं खाली ठेवून मागे सरकायचं, वरच्या आळीतल्या कोणाला दया आली तर ती वरून ओतेल. पण दर उन्हाळ्यात गाळ काढायला मात्र आबांनाच बोलावणं! तेव्हा त्यांच्या अंगाचा विटाळ कुठं जायचा, देव जाणे.

धर्म बदलला त्या वर्षी आबांनी घरात सांगून टाकलं, आपल्या घरातलं कोणी त्या विहिरीवर हात पसरणार नाही. खारं पिऊ, कडक खाऊ. तेव्हापासून ते घर कडक वाल चावत आलं. आबांचे दात गेले तसे ते नुसता रस्सा भाकरीत कुस्करून खायचे, पण शब्द फिरवला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पुना खडी फोडायला जायचा. सरकारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस चालले होते. आबांनी अंथरूण धरलं आणि खाणं सोडलं. द्रौपदाबाई घास पुढं करायची, ते तोंड फिरवायचे. एका सकाळी मात्र हळूच म्हणाले, "वाल खावासा वाटस वं, बेटा. नरम."

घरात बियाण्यासाठी राखेत घातलेले वाल होते. जुने, म्हणजे आणखी कडक. द्रौपदाबाईनं ते धुऊन भिजवले आणि खाऱ्या पाण्याच्या मडक्याकडे बघत बसली. सासऱ्यानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि या पाण्यात ते मऊ होणार नव्हतं. शेवटी तिनं मला पदराखाली घेतलं आणि गोड्या विहिरीवर गेली.

वरच्या आळीतल्या जीवरामची बायको लिलाबाई पाणी शेंदत होती. वाईट नव्हती ती. "आबानं कसं शे वं?" तिनं विचारलं, आणि पाठोपाठ म्हणाली, "भांडं खाले ठेव. मांगे सरक, शिंतोडा उडी." मी दगडावर बसलं आणि वरून धार आली. द्रौपदाबाई लांब उभी होती, मान खाली घालून. मला त्या गार पाण्याचं सुख झालं हे मी लपवत नाही, पण तिचं तोंड पाहिलं आणि ते सुख गेलं.

त्या दिवशी वाल शिजले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात वाल लोण्यासारखे झाले! द्रौपदाबाईनं मीठ घातलं, बोटानं कुस्करलं, आबांच्या ओठांशी नेलं. आबांनी घास घेतला, जिभेनं दाबला, आणि थांबले.

"हाई पानी कोठलं शे?"

तिनं दुसरा घास कुस्करायला घेतला.

"आपला घरमा वाल असा शिजत नही, पोरी. ती इहिर मी खंदेल शे. तठे हात पसराना नही, तुले सांगेल व्हतं ना?"

"आबा, तुमनाकरता..." एवढंच ती म्हणाली.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घास हळूच तळहातावर काढला, तो तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तू खाई ले. तू उपाशी शे. माले नको." मग त्यांनी तोंड मिटलं. ते पुन्हा कशालाही उघडलं नाही, पाण्याच्या थेंबालासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आबा गेले.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाड्याला जेवण द्यायचं होतं. द्रौपदाबाईनं उरलेले वाल भिजवले. पुना म्हणाला, "खारा पानीमाच कर." ती म्हणाली, "गोडाच पानीमा करसू. पन आते हात पसरनार नही." तिनं माझ्या दोन्ही कड्यांना दोर बांधला आणि भर सकाळी विहिरीवर जाऊन स्वतःच्या हातानं मला आत सोडलं.

मी भरलं. वर येत होतं. कडेला पायांचा धडधडाट झाला, कोणी ओरडलं, आणि जीवरामनं विळ्यानं दोर कापला. लिलाबाई तिथंच उभी होती. तिनं काही केलं नाही. वरून द्रौपदाबाईची किंकाळी आली, ती पडल्याची की मारल्याची, मला खालून कळलं नाही. मी तळाला गेलं.

द्रौपदाबाई वाचली, हे पुढं शेंदणाऱ्या बायांच्या बोलण्यातून कळलं. गावानं विहिरीत गोमूत्र शिंपडलं. मला काढायला मात्र कोणी उतरेना. उतरायचं काम आबांच्या घरचं, आणि पुनानं साफ सांगितलं, यापुढं आमच्यातला कोणी तुमच्या विहिरीत उतरणार नाही. मग राहिलं मी इथंच.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहीर भरली. रोज माझ्यावरून तुमच्या घागरी जातात. माझ्या बुडाला आबांच्या चुलीची काजळी आहे, कडेला वालाचं एक साल चिकटलंय. त्याच पाण्यात तुमची डाळ शिजते आणि तुम्ही मिटक्या मारत जेवता. जेवा बापहो. पण कधी मला बाहेर काढावंसं वाटलं, तर द्रौपदाबाईला बोलवा, तिच्या हातात नवा दोर द्या, आणि तुम्ही जरा मागे सरका.