कोऱ्या ब्रशची साक्ष

मी एक जुना ब्रश आहे. वय साडेचार महिने. आमच्या जातीत एवढे वय म्हणजे पणजोबाच! मित्रांनो, दात घासायचा मोठा ब्रश तुम्हांला माहीत आहे. त्याच्या शेजारी पेल्यात उभा असतो तो करंगळीएवढा मी. ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत, त्यांच्या तारेखाली शिरून अडकलेले अन्न काढायचे हे माझे काम. माझे भाऊबंद दोन आठवड्यांत झिजून मरतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. माझा मात्र चार महिने एक केस वाकला नव्हता. ही माझी दुःखाची गोष्ट आहे. छे, रागाची.

कारखान्यातून मी दातांच्या डॉक्टरबाईंकडे आलो आणि तिथून या घरी. इथली मुलगी तेरा वर्षांची. आई चिडली की तिला 'बाईसाहेब' म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. नवी शाळा सुरू होण्याआधी बाईसाहेबांच्या तारा निघणार होत्या. पहिल्या दिवशी नव्या वर्गात बिनतारेने हसायचे, एवढेच तिला हवे होते. आरशासमोर तारांवर बोट आडवे धरून ती त्या हसण्याचा सराव करी.

मी घरी आलो त्या दिवशी तिने मला एकदा तारेखाली घातले, "ई, टोचतंय!" म्हणाली आणि संपले. आई कामावर जाण्याआधी माझ्या केसांवरून बोट फिरवी. ओले लागले की तिचे समाधान होई. हे बाईसाहेबांनी बरोबर हेरले. मग रोज मला नळाखाली धरायचे, झटकायचे आणि पेल्यात उभे करायचे! तारेखाली बिस्किटांचा भुगा कुजत होता आणि मी नुसता आंघोळ करत होतो. वर आई मावशीला कौतुकाने सांगे, "ब्रशचं मात्र हिला सांगावं लागत नाही हं." माझ्या जिवाची लाही होई. मला दात नाहीत, ओठ नाहीत, तरी मी दातओठ खाल्ले. हिचे उट्टे काढायचे, असे मी ठरवले. हातपाय नसल्यामुळे वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

एका तपासणीत हिरड्या सुजलेल्या दिसल्या आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी ब्रश घेऊन या." आईने मला रुमालात गुंडाळून नेले. रस्ताभर मी आनंदाने ताठ होतो.

दवाखान्यातल्या खुर्चीवरचा दिवा खाली आला. हिरडीला तपासायची बारीक सळई नुसती लागली आणि रक्त आले.

"छोटा ब्रश फिरवतेस ना?"

"रोज! दोन्ही वेळा."

"मी स्वतः बघते ना डॉक्टर," आई म्हणाली. "ओला असतो."

डॉक्टरबाईंनी मला दिव्याखाली धरले. "हा चार महिन्यांपूर्वी मीच दिलेला. अहो, हा तर कोरा आहे!"

बाईसाहेबांनी डोळे घट्ट मिटले. खोटे कशाला सांगू, मी पोटभर हसलो. मग डॉक्टरबाईंनी पुढच्या दातावरची, तार धरून ठेवणारी सैल झालेली खुंटी काढली, तर तिच्या कडेने खडूसारखा पांढरा चौकोन उमटलेला. तो पुसट होईल, पण पुरता जाणार नाही, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. हिरड्या बऱ्या होईपर्यंत दात सरकवायचे काम बंद. तारा आणखी सहा महिने.

आता बाईसाहेबांना बसणारा ओरडा मला ऐकायचा होता. पण आई ओरडलीच नाही. ती हळूच म्हणाली, "चुकलं माझंच. रोज ब्रश बघत राहिले. एकदा हिला 'आ कर' म्हणायला हवं होतं."

डाग पाहून न रडलेल्या बाईसाहेब तेव्हा रडल्या. माझा नेम मुलीवर होता, लागला आईला. त्याचे मला थोडे वाईट वाटले. थोडेच.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. टोचायचे तिथे टोचलो, दयामाया केली नाही. दहा दिवसांत माझे केस पिंजारले. दरम्यान शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी बाईसाहेब घरी आल्या, दप्तर टाकले आणि आधी मला उचलले.

"कसा गेला गं दिवस?" आईने विचारले.

"बरा. हसलेच नाही मी."

तिच्या फजितीवर हसायचे मी ठरवले होते, पण मला हसू आले नाही. म्हणून मित्रांनो, कळकळीने सांगतो, आम्हांला भिजवून ठेवू नका, झिजवा. मी उद्या कचऱ्यात जाईन. तुमच्या पेल्यात उभा आहे तो माझ्याइतका मवाळ असेलच, असे नाही.