होरेबची पश्चिमेची भिंत

आमच्या कूम बेडवेन गावात माझ्यासारखा गवंडी झाला नाही आणि होणारही नाही. मीच सांगतोय म्हणून ते खोटं ठरत नाही. पुलाची कमान, लोहाराची भट्टी, गिरणीचं धुराडं, सगळ्याला माझा हात लागलाय. गावात इडवल नावाचे चौघे आहेत, त्यातला मी सिमेंट-इडवल. आमच्याकडे माणूस धंद्यावरून ओळखला जातो आणि एकदा पडलेलं नाव थडग्यापर्यंत सोबत येतं. मला त्या नावाचा कोण अभिमान!

ते नाव मला होरेबमुळे पडलं. होरेब म्हणजे आमचं चॅपल, आमच्या पंथाचं साधं प्रार्थनाघर. चर्च नव्हे हं! चर्चवाले ओढ्यापलीकडचे, त्यांचं त्यांना लखलाभ. १९७९ साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि शहरातून नवं काम शिकून आलो होतो. होरेबच्या पश्चिमेच्या भिंतीला पाऊस सतत थोबाडत असतो. तिला मी सिमेंटचा जाडजूड गिलावा केला. बाबा जन्मभर चुन्याचे गवंडी. ते म्हणाले, "इडवल, दगडाला श्वास घेऊ दे. चुना वापर."

मी हसलो. "बाबा, तुमच्या चुन्याला दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. माझं काम एकदा केलं की शंभर वर्षं बघायला नको!"

शिवाय ओल्या सिमेंटात, खाली कोपऱ्यात, खिळ्यानं माझं नाव आणि साल कोरलं. त्यानंतर बाबा दर वसंतात होरेबच्या तीन भिंतींना चुना द्यायचे आणि चौथीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मला वाटायचं, म्हातारा जळतोय माझ्यावर. १९९१ मध्ये ते गेले. त्या भिंतीवरून आम्ही पुन्हा कधी बोललोच नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये शहरातून प्रॉसर नावाचा इंजिनीअर आला. त्यानं ओल मोजायचं यंत्र भिंतीला आतून लावलं, तर काटा थेट शेवटाला. आतल्या सज्ज्याच्या तुळयांची भिंतीतली टोकं कुजून भुसा झाली होती.

"पुढच्या वर्षीच्या फुलांच्या रविवारापर्यंत भिंत सुकली नाही, तर मला चॅपलला कुलूप लावावं लागेल," तो म्हणाला.

फुलांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी अख्खं गाव आपापली थडगी घासून, पांढरी करून फुलांनी झाकतं. आणि कुलूप लागलं की लागलं, ते पुन्हा उघडत नाही. खालच्या खोऱ्यातल्या सालेम चॅपलचं काय झालं? व्यासपीठ होतं तिथे आता सुट्टीपुरत्या येणाऱ्या कुणा शहरवाल्याचं न्हाणीघर आहे!

प्रॉसर बाहेर गेला, सिमेंटवर टकटक केलं. पोकळ आवाज आला. मग वाकून त्यानं कोपऱ्यातलं नाव वाचलं. "हा इडवल कोण?"

"मी."

"फटींतून पाणी आत जातंय आणि तुमचं सिमेंट त्याला बाहेर येऊ देत नाही."

खरं सांगतो, हे मला दहा वर्षांपासून ठाऊक होतं. मी दोष छपराच्या पन्हळीला देत होतो. तीनदा बदलली मी ती पन्हळ. लाज वाटत होती, दुसरं काय!

त्या रविवारी प्रार्थनेनंतर सगळे चहाला बसले होते. मी मनुकांच्या पावाचा तुकडा खाली ठेवला आणि उभा राहिलो. "पन्हळीचा काही दोष नाही. भिंत माझ्या सिमेंटनं कुजवली. मीच ते काढणार आणि मीच चुना लावणार. वर्षात भिंत सुकवून देतो."

मग पोस्टातला एमलिन म्हणाला, "म्हणजे त्या बिचाऱ्या पन्हळीची माफी कोण मागणार रे?"

हशा पिकला. माझे कान तापले. हसल्या नाहीत त्या फक्त एलुनेद बाई. बाईंनी मला लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलं. आता ब्याऐंशीच्या आहेत आणि होरेबच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. त्यांनी कप ठेवला. "चल माझ्याबरोबर."

चॅपलमागे जुना तबेला आहे. पूर्वी लांबून येणारे तिथे घोडे बांधायचे. बाईंनी काठीनं जमिनीवरच्या फळ्या दाखवल्या. "उचल."

खाली दगडी खड्डा होता, वर वीतभर पाणी. मी बाही सारून हात घातला. पाण्याखाली घट्ट, मऊसूत, लोण्यासारखा चुना! पार तळापर्यंत.

"तुझ्या बाबांनी जायच्या आधीच्या वसंतात विझवून ठेवला," बाई म्हणाल्या. "पश्चिमेच्या भिंतीला पुरेल एवढा. म्हणाले, चुना मुरेल तेवढा चांगला. दर महिन्याला वरून पाणी घालत आलेय मी."

"मग बोलला का नाहीत, बाई? बत्तीस वर्षं!"

"मीही त्यांना तेच विचारलं, इडवलला का सांगत नाही म्हणून. म्हणाले, पोराच्या कामावर मी छिन्नी चालवणार नाही. तो स्वतःच येईल."

मी तिथेच तबेल्यात बसून रडलो. बाईंनी रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "झालं? आता कामाला लाग."

पहिल्याच दिवशी मी माझं नाव उडवलं. पुढे सहा आठवडे छिन्नी-हातोडा. मग वाळूत मळून बाबांचा चुना चढवला, थरावर थर, आणि तो घाईनं सुकू नये म्हणून उन्हाळाभर ओली गोणपाटं टांगली. चुना थापीला असा बसत होता की काय सांगू! असा माल मी आयुष्यात हाताळला नव्हता. भिंत सुकणार याची मला दुसऱ्याच दिवशी खात्री पटली.

या मार्चमध्ये प्रॉसर परत आला. पाच ठिकाणी यंत्र लावलं, सहाव्यांदा पुसून लावलं. "कोरडी आहे हो!"

"असणारच," मी म्हणालो.

एमलिन अजून मला सिमेंट-इडवलच म्हणतो. म्हणू दे.

खड्ड्यात एक बादली चुना उरला होता. फुलांच्या रविवारी तो पातळ करून मी बाबांच्या थडग्याला लावला, चारी बाजूंनी, दोन हात. बाई डॅफोडिल्स घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"बाबा, तुमचंच बरोबर होतं," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं म्हण," बाई म्हणाल्या. "त्यांना कमी ऐकू यायचं."

मी मोठ्यानं म्हणालो. ओढ्यापलीकडच्या चर्चवाल्यांनाही ऐकू गेलं असेल. गेलं तर गेलं.