जानव्याची किल्ली

सरकारी शाळेत चाळीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो आणि पत्नी कुमुद हिच्यासह गुडगावला, चिरंजीव जयदीपच्या नव्या फ्लॅटमध्ये राहावयास आलो. चहूकडे इमारती उठत होत्या. त्या धुळीने कुमुदचा दमा बळावला. मी तिला गाझियाबादच्या हरिदास वैद्यांकडे नेले. नाडी धरण्यापूर्वी त्यांनी धन्वंतरीचे स्तवन म्हटले. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नाही. मला याहून मोठे प्रमाणपत्र नको होते. त्यांनी करड्या चूर्णाच्या पुड्या दिल्या आणि त्या रोज चालू ठेवावयास सांगितल्या. आठ दिवसांत दमा गेला.

आणि भूक आली.

दोन पोळ्यांवर तृप्त होणारी कुमुद पाच खाऊ लागली. जेवून उठली की तासाभरात डबे उघडी. चार महिन्यांत मुखाचा चंद्र झाला, पोट सुटले. जयदीपने टीव्हीवरची जाहिरात पाहून कंबरेला बांधावयाचा थरथरणारा पट्टा मागविला. "आई, थोडा कंट्रोल, यार!" असे म्हणून तो स्वतः पिझ्झा खावयास बसे. या नव्या उपनगरात देह घडविण्याचे काम विजेकडे सोपविलेले होते. त्याची मला किळस येई.

परंतु माझा तिरस्कार अधिक सुसंस्कृत होता. आषाढी एकादशीस, भर दुपारी, कुमुद दाराआड उभी राहून शिळी पोळी खाताना मला दिसली.

"आज तरी लाज बाळगायची," मी म्हणालो. "दावणीची गायसुद्धा मध्ये थांबून रवंथ करते."

"अहो, पोट भरतं. पण भूक काही जात नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

"भूक पोटात नसते, ती मनाच्या दौर्बल्यात असते."

मी सारे डबे कपाटात घातले, कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली. सूनबाई अपूर्वा म्हणाली, "बाबा, हा आजार असेल. डॉक्टरांना दाखवू या." खादाडपणाला आजार म्हणण्याची ही नवी रीत ऐकून मी हसलो.

पंधरा दिवसांनी कुमुद जमिनीवरून उठू शकेना. अपूर्वाने मला न विचारता तिला इस्पितळात नेले. मी मागोमाग गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिचा गोल चेहरा, काटकुळे दंड, पोटावरचे जांभळे वण पाहिले आणि अपूर्वाने सोबत आणलेली पुडी तपासावयास पाठविली. अहवाल आल्यावर त्यांनी मला समोर बसविले.

"यात स्टेरॉइड आहे. आपल्या शरीरात बनणाऱ्या एका संप्रेरकाचंच हे रूप, पण मात्रा कितीतरी पट. दमा दबला तो यानंच. ते मेंदूत भूक पेटवतं, पोट भरल्याचा निरोप मानू देत नाही, चरबी चेहऱ्यावर अन् पोटावर साठवतं, दंड-मांड्यांचे स्नायू झिजवतं. या बाईंच्या संयमाचा इथं काही संबंध नाही. कोणी दिली ही पुडी?"

"मी," मी म्हणालो.

"आता एकदम बंद करू नका हं. यांच्या शरीरानं स्वतःचं संप्रेरक बनवणं सोडलंय. एकदम थांबवलंत तर जिवावर बेतेल. मी मोजून गोळ्या देते; त्या हळूहळू कमी करू. भूकही हळूहळूच उतरेल. तोवर वेळेवर जेवू द्या, उपाशी ठेवू नका."

वैद्याची मला घृणा वाटली. पण त्याने चूर्णात भेसळ केली होती. कुलूप माझे होते.

घरी येताच मी सदऱ्याच्या आत हात घालून गाठ सोडू लागलो. घामाने ती आवळली होती, सुटेना. कुमुद खुर्चीत बसून शांतपणे पाहत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या गळ्यात शोभतेय. आणि त्या वैद्यांना कळवा, उच्चार फार शुद्ध होते म्हणावं."

अपूर्वाने कात्री आणून दिली. मी जानवे कापले, कपाट उघडले आणि पान वाढावयास घेतले.

"किती पोळ्या?" मी विचारले.

"मोजणार आहात?"

मी सारी दुरडीच तिच्यापुढे ठेवली.