पुटूच्या डब्याचा सूर

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पण मित्रांनो, मला नुसता डबा म्हणू नका. डबे गप्प असतात. माझ्या पोटात पाणी उकळते, डोक्यावर तांदळाचे गोड पुटू शिजतात आणि बाजूच्या नळीतून एक लांबलचक शिट्टी वाजत राहते, "न्गुंऽऽऽ". सालातिगा गावात ही शिट्टी ऐकली की पोट भरलेल्या माणसालाही भूक लागते. मला येते ते एवढेच. पण याच शिट्टीपायी एकदा मी भंगारात जाता जाता राहिलो, आणि माझ्याबरोबर माझ्या मालकांचे दुकानही जाता जाता राहिले.

माझा जन्म बाजारामागच्या बोळात झाला. तिथे एक कारागीर मांडी घालून दिवसभर पत्रा ठोकत बसायचा. त्याने पत्रा वाकवला, कडांना डाख लावला आणि झाकणाला अशी भोके पाडली, की त्यांवर बांबूच्या आखूड नळ्या उभ्या राहाव्यात. शेवटी त्याने माझ्या बाजूला एक बारीक नळी बसवली. तिच्या तोंडाशी पत्र्याची एक धारदार पट्टी तिरकी लावली. वाफ नळीतून वेगाने येते, त्या पट्टीवर आपटते आणि थरथरते. वाफ थरथरली की आवाज होतो. माझ्या गाण्यात याहून मोठे गुपित नाही.

मला न्यायला पोनिदी आले होते. आज सगळे त्यांना पाक पोनिदी म्हणतात, कारण इथे वडीलधाऱ्या पुरुषाला "पाक" म्हणायची रीत आहे. तेव्हा ते इतके कोवळे होते, की त्यांना कोणी पाक म्हणत नसे. मी मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत आलो.

"जरा रडका वाजतोय हो," ते कारागिराला म्हणाले.

"बरंच आहे की! पोर रडलं की आई घरातून धावत येते. तशी गिऱ्हाइकं येतील."

"आणि नाही आली तर?"

"तर तूही रड. दोघं मिळून जरा जोरात होईल."

त्या संध्याकाळपासून आम्ही कामाला लागलो. कावडीच्या एका बाजूला मी आणि माझ्याखाली शेगडी. दुसऱ्या बाजूला पांदानच्या सुवासिक पानांनी हिरवे केलेले तांदळाचे पीठ, माडाचा गूळ, खवलेले खोबरे आणि केळीची पाने. बांबूच्या नळीत थोडे पीठ, मध्ये गुळाचा खडा, वर पुन्हा पीठ, आणि नळी माझ्या डोक्यावर. पाक पोनिदी स्वभावाने लाजाळू. त्यांनी कधी ओरडून माल विकला नाही. ते काम माझे.

माझे आणखी एक काम होते, ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते. नळीतले पीठ मोकळे असते तोवर वाफ त्यातून सहज वर निघून जाते. पीठ शिजून घट्ट बसले की तिची वाट अडते आणि ती माझ्या शिट्टीकडे वळते. आवाज किंचित भरतो. तो भरला की पाक पोनिदी नळी उचलत, काडीने पुटू बाहेर ढकलत आणि खोबरे भुरभुरत. त्यांनी कधी झाकण उघडून किंवा बोट लावून पाहिले नाही. नुसते ऐकले.

वर्षे गेली. माझा तळ एकदा बदलला, पाक पोनिदींचे गुडघे मात्र बदलता आले नाहीत. चढाच्या गल्ल्या आधी सुटल्या, मग सपाट गल्ल्याही सुटल्या. शेवटी त्यांनी पुजासेरात जागा घेतली. पुजासेरा म्हणजे एका मोठ्या छपराखाली दाटीने मांडलेल्या खाण्याच्या गाड्या आणि मध्ये टेबले. आमची जागा अगदी टोकाला, भिंतीशी होती. तिथे कोण येणार, असे मला वाटले होते. पण पहिल्याच आठवड्यात म्बाह दिर्जो आले.

म्बाह म्हणजे आजोबा. म्बाह दिर्जोंना दिसत नाही. ते मालिश करतात, आणि अर्ध्या गावाच्या पाठी त्यांना चेहऱ्यांसारख्या ओळखू येतात. रोज संध्याकाळी काम आटोपले की ते पुजासेरात येत आणि प्रत्येक वेळी एखादी वेगळी गाडी धुंडाळत. दाराशी थांबून आधी कान लावत. कढईवर उलथने खणखणले, की तिथे परतलेला भात. दगडी खलात दाणे आणि मिरच्या रगडल्याची घरघर आली, की तिथे पेचेलची भाजी. वाडग्यावर चमचा टिणटिणला, की बाक्सो, म्हणजे मांसाच्या गोळ्यांचे सूप. विणलेल्या पंख्याची फडफड आणि निखाऱ्यांचा तडतडाट आला, की साते, म्हणजे काडीला लावून भाजलेले मांस, आणि तिथून काठी आखडती घ्यायची. हे सगळे आवाज येत-जात असत. थांबत नसे तो फक्त माझा. म्हणून ते माझा आवाज दोरीसारखा धरून चालत. शिट्टी डाव्या कानात असली की बाक्सो समोर, असा त्यांचा हिशेब. कुठेही खाल्ले तरी शेवटी तोंड गोड करायला ते आमच्याकडे येत.

"पोनिदी, आज साते खाल्लं. मांस मऊ, पण दाण्याच्या चटणीत हात आखडलाय गड्याचा."

"म्बाह, हळू बोला. त्याला ऐकू जाईल."

"मग? ऐकू जावं म्हणूनच इथे बसून बोलतोय. घाल पुटू. खोबरं घालताना तू तरी हात आखडू नको."

असे आमचे बरे चालले होते. मग रस्त्यापलीकडे काचेचा मोठा मॉल उभा राहिला आणि आमची टेबले रिकामी पडू लागली. पुजासेराचा कारभार बू सुलास्त्री पाहतात. बाईंना इथे आदराने "बू" म्हणतात. त्यांची झोप उडाली. लोक परत यावेत म्हणून त्यांनी एक गायिका ठेवली, विंदारी नावाची तरुण मुलगी. ती विजेची पेटी घेऊन मध्यभागी उभी राहिली, गाऊ लागली, आणि पहिल्याच ओळीला अडखळली.

"बू, असं नाही चालणार! मी एका सुरात आणि तो डबा भलत्याच. लोकांना वाटतं, मीच बेसूर आहे."

"दोघंही आहात, भांडू नका!" एका टेबलावरून कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला. विंदारीचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटले, पण पाणी उकळत होते. मी काय करणार?

बू सुलास्त्री आमच्याकडे आल्या. "पाक, शिट्टी बंद करावी लागेल."

"बू, शिट्टीशिवाय पुटू कसा?"

"पुटू म्हणजे तांदूळ, गूळ आणि खोबरं. मी घरी विजेच्या भांड्यात करते, जरासुद्धा आवाज होत नाही. तेच भांडं तुम्हाला आणून देते. शनिवारपर्यंत बघा. नाहीतर ही जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला काय हौस आहे का, पाक? टेबलं बघा ना."

पाक पोनिदींनी टेबले पाहिली, मग स्वतःचे गुडघे. पुन्हा गल्ल्यांत जाणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी विजेचे भांडे खोक्यात बंद होऊन आले आणि माझ्याशेजारी बसले. एक भंगारवाला मला उचलून, वजन अजमावून, "सांगा मग," म्हणून गेला. संध्याकाळी पाक पोनिदींनी लाकडाच्या खुंटीला फडके गुंडाळले आणि ती माझ्या नळीत ठोकली.

मित्रांनो, वाफ कोंडली की ती गप्प बसत नाही, दुसरी वाट शोधते. ती बांबूच्या नळ्यांखालून फुसफुसत बाहेर पडू लागली. पुटू खालून भिजले, वरून कोरडे राहिले. केव्हा उचलायचे हे पाक पोनिदींना कळेना. ते सारखे कान पुढे करत, आणि माझ्याकडून काहीच येत नसे. लोक लांबूनच परत फिरत होते.

"पुटू संपले वाटतं."

"शिट्टी नाही ना, म्हणजे संपलेच."

आणि पुटूंची रास तर पाक पोनिदींच्या समोर तशीच होती.

तेवढ्यात म्बाह दिर्जो दाराशी आले. त्यांनी कान लावला. पेटीच्या आवाजाने छप्पर भरले होते. भाताची कढई ऐकू येईना, खल ऐकू येईना, आणि मी तर मुकाच. ते तरीही निघाले. चार पावले सरळ गेले, थांबले, वळले, पुन्हा वळले. मला दिसत होते की ते चुकीकडे चालले आहेत. शिट्टी फुंकायला मी जिवाचा आटापिटा केला, पण खुंटी पक्की बसली होती.

"म्बाह! थांबा! पुढे निखारे आहेत!" सातेवाला ओरडला आणि त्याने त्यांचा दंड धरला. काठीचे टोक शेगडीत गेले होते. त्यातून धूर निघाला.

"भाजलीस माझी काठी?" म्बाह दिर्जो म्हणाले. "आता चटणी तरी लाव. तीही कमीच लावशील."

सगळे हसले. सातेवाल्याने त्यांना धरून आमच्याकडे आणले.

"डबा मेला का रे, पोनिदी?"

"नाही, म्बाह. गप्प केलाय."

त्यांनी एक पुटू तोंडात टाकला, हळूहळू चावला. "वर पीठ, खाली लापशी." मग पान बाजूला ठेवून म्हणाले, "हे बघ, मी रोज कोणाचा तरी हात धरून इथे यायला काही रांगतं पोर नाही. उद्यापासून येत नाही. मनाला लावून घेऊ नको."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

पाक पोनिदी माझ्याकडे वळले. मग त्यांनी फडक्याने हात झाकून ती खुंटी उपटली. कोंडलेली सगळी वाफ एकदम सुटली आणि मी असा काही वाजलो, की भाताचे उलथने हवेतच राहिले. विंदारी दोन गाण्यांच्या मध्ये आल्याचा चहा पीत होती. तिचा कप हिंदकळला. बू सुलास्त्री तरातरा आल्या.

"पाक! काय ठरलं होतं आपलं?"

"जागा घ्या, बू," पाक पोनिदी म्हणाले. एवढ्या लोकांसमोर त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "उद्या सकाळी सामान हलवतो. फक्त म्बाह दारापर्यंत जाईतो हे वाजू द्या. आवाज पाठीशी ठेवून ते सरळ जातील."

म्बाह दिर्जो उठले, माझ्याकडे पाठ केली आणि जळक्या टोकाची काठी टेकत चालू लागले. अगदी सरळ. मी जमेल तितका एकसारखा वाजत राहिलो.

"थांबा," विंदारी म्हणाली. "कोणी बोलू नका."

तिने कप खाली ठेवला आणि पेटीवर एक पट्टी दाबली. मान हलवली. दुसरी दाबली. "काळी दोन... नाही, हा वर आहे. पांढरी तीन... आता खाली गेला. अगंबाई! हा दोन पट्ट्यांच्या मधेच बसलाय!"

"मग तूही बस मधे," म्बाह दिर्जो वाटेतूनच म्हणाले. "सरकून घे जरा."

"सरकतेच आहे, म्बाह. सूर बारीक सरकवायचं बटण आहे यात. कधी लागलंच नव्हतं."

ती बटण फिरवू लागली. दोन जवळजवळ सारखे आवाज एकत्र आले की हवेत हेलकावे उठतात. तसे आमचे उठले, आधी भराभर, मग संथ, मग आणखी संथ. आणि मग ते थांबले. पेटी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो, हे मलाही कळेना. मित्रांनो, माझ्या आवाजाला सूर म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हते.

विंदारी गाऊ लागली. तिचा आवाज वर जाई, खाली येई, पुन्हा माझ्याशी येऊन टेके. रस्त्यावरचे दोघे-तिघे आत डोकावले आणि बसले. म्बाह दिर्जो दाराशी पोहोचले होते. तिथे ते उभे राहिले, वळले आणि माझ्या दिशेने परत चालू लागले. तेवढेच सरळ.

बू सुलास्त्री हाताची घडी घालून पूर्ण गाणे ऐकत उभ्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना विचारले, "ते भिंतीजवळचं वाद्य कोणतं हो?" तेव्हा त्यांनी घडी सोडली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पण सूर सुटला तर गेला."

"कोण? पोनिदी का डबा?" म्बाह दिर्जोंनी विचारले.

"दोघंही. आणि तुम्हीसुद्धा, म्बाह."

विजेचे भांडे अजून आहे. दाराजवळच्या गाडीवर ते भुईमुगाच्या शेंगा उकडते. चांगले भांडे आहे, फक्त अबोल आहे.

आता मी खरेच जुना झालो आहे. माझ्यावर पत्र्यापेक्षा डाखच जास्त आहे. इथल्या पाण्यातला क्षार नळीत साचतो आणि माझा आवाज बसतो. तेव्हा पाक पोनिदी चिंचेचे पाणी ओततात आणि झाडूच्या काडीने माझा गळा साफ करतात. एक दिवस असे भोक पडेल, की त्यावर डाख धरणार नाही. पत्र्याचे असेच असते.

तोवर एक मागणे आहे. तुमच्या घरीही काहीतरी कुरकुरत असेल, दार, पंखा, सायकल, नाहीतर कोणी म्हातारे माणूस. त्याच्या तोंडात बोळा कोंबण्याआधी जवळ जाऊन जरा ऐका. दाराला थेंबभर तेल हवे असेल. म्हाताऱ्या माणसाला काय हवे, हे ते स्वतःच सांगेल. मला काय हवे असते, ते विंदारीला सगळ्यांच्या आधी कळते. पाणी कमी झाले की माझा सूर उतरतो आणि आमच्यात पुन्हा हेलकावे उठतात. मग ती गाणे न थांबवता, त्याच चालीत शब्द बदलते. टेबलांवरच्या लोकांना वाटते, गाण्याचे ध्रुवपद आले. तेही तिच्याबरोबर गातात. ज्यांनी जन्मात कधी गिऱ्हाइकाला हाक मारली नाही, ते पाक पोनिदी मान खाली घालून, कानापर्यंत लाल होऊन, तांब्या उचलतात.

बघा, आत्ताही हेलकावे सुरू झाले आहेत. विंदारीने आमच्याकडे मान वळवली. आता सगळे छप्पर गाईल,

"पाऽक, पाणी घाला... पाणीऽऽ..."