चौथा आवाज

सिबरेनने ‘डी. बी.’ ही अक्षरं एकोणिसाव्या ठिकाणाहून पुसली आणि तो पुढची ओळ शोधू लागला, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मार्लूस येणार हे ठरलेलंच होतं. जुन्या घरगुती संगणकांचा नाद असलेल्या मंडळाची ती चिटणीस. ‘क्लांकडोस’ हा संगीत रचण्याचा प्रोग्राम मंडळ आता सर्वांना खुला करणार होतं. ज्याला हवी त्याने त्याची ओळन् ओळ वाचावी, बदलावी. त्याचीच प्रत न्यायला ती आली होती. पण तिच्यामागे गळ्यातला मफलर सोडवत रेन्स्के उभी होती. सिबरेनचा हात कडीवरच राहिला.

“यांनाही घेऊन आले,” मार्लूस म्हणाली. “आजच्या दिवशी त्या हव्यातच.”

क्लांकडोस लिहिला तेव्हा सिबरेन आणि रेन्स्केचा नवरा डाउवे बाकर, दोघेही तिशीच्या आतबाहेर होते. त्या काळच्या घरगुती संगणकातून एका वेळी तीनच आवाज निघत. क्लांकडोस चार काढी. कसे, ते बाहेरच्या कुणाला उमगलं नाही. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये डाउवे हृदयविकाराने गेला. दोन महिन्यांनी एका मासिकाच्या बातमीदाराने सिबरेनला विचारलं, चौथा आवाज काढायची युक्ती तुमचीच ना? सिबरेनने मान हलवली. एवढंच झालं होतं. पण तेव्हापासून फ्रीसलँड प्रांतभरच्या मेळाव्यांत लोक त्याच्याशी हात मिळवायला थांबू लागले, आणि हात सोडता सोडता विचारू लागले, आतलं कधी दाखवताय?

आत, प्रोग्रामच्या ओळींमध्ये, चौथा आवाज कसा जमवला याच्या डाउवेच्या टिपा होत्या, तारखा आणि आद्याक्षरांसकट. सिबरेन सांगे, अर्धा हक्क डाउवेच्या बायकोचा आहे आणि ती सही देत नाही. हे कारण इतकी वर्षं पुरलं. मग गेल्या आठवड्यात मार्लूसने त्याला न विचारताच रेन्स्केला पत्र टाकलं, आणि चौथ्या दिवशी सही आली.

सिबरेनने कॉफी ठेवली, साखरेच्या पावाचे काप केले. कापांची जाडी काही केल्या सारखी येईना.

“एक विचारू?” मार्लूसने रेन्स्केकडे वळून म्हटलं. “इतकी वर्षं तुम्ही नाही का म्हणत होता?”

रेन्स्केने आधी तिच्याकडे पाहिलं, मग सिबरेनकडे. तो सुरी धूत होता. धुतलेलीच पुन्हा धूत होता.

“तेव्हा मन होत नव्हतं,” रेन्स्के म्हणाली.

मार्लूसने सहानुभूतीने मान डोलावली आणि प्रत करायचं यंत्र आणायला ती गाडीकडे गेली. दार लागल्याचा आवाज आला.

“मला कधी विचारलंस तू?” रेन्स्केने शांतपणे विचारलं.

“नाही.”

“चौथ्या आवाजामुळे?”

सिबरेनने नळ बंद केला. तिला माहीत असेल, हे पस्तीस वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

“तो आवाज जमला त्या आठवड्यात तू ग्रोनिंगेनला होतास,” ती म्हणाली. “एकच धून त्याने मला चाळीसदा ऐकवली. बटाटे सोलत होते मी. मासिक वाचलं तेव्हा वाटलं, दुःखात गोंधळला असशील, पुढच्या महिन्यात सांगशील. मग पुढच्या वर्षी. नंतर वाट बघायचंही राहून गेलं.”

सकाळपासून आपण डाउवेची अक्षरं पुसत होतो, ते त्याने तिला सांगितलं. मूळ प्रत अजून आहे, हेही सांगितलं. कोणती द्यायची ते तिने ठरवावं, असं तो म्हणाला.

“ते माझ्यावर नको टाकूस,” रेन्स्के म्हणाली. “आधीच एक टाकलं आहेस.”

मार्लूस यंत्र घेऊन आत आली. टेबलावर जागा करता करता, सोबत छापायचं निवेदन कालच लिहून ठेवलंय, दोघांनी ऐकून घ्या, असं म्हणून ती उभ्यानेच वाचू लागली. डाउवे बाकरच्या पत्नीचा दीर्घकाळ विरोध होता, मंडळाने धीर धरला, अखेर त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली. वाचता वाचता ती रेन्स्केकडे पाहून हसली. रेन्स्के हसली नाही. तिने कप दोन्ही हातांत धरला होता आणि ती खिडकीबाहेर कालव्याकडे पाहत होती. पुढची सगळी वर्षं हा कागद जगभर वाचला जाईल आणि त्यात ती अशीच राहील, हे सिबरेनला दिसलं. ती एक शब्दही बोलणार नाही, हेही दिसलं.

“ते वाक्य काढ,” तो म्हणाला.

“कुठलं?”

“विरोधाचं. विरोध नव्हताच. तिला मी कधी विचारलंच नव्हतं.”

मार्लूसने कागद खाली घेतला. चूक आपल्या ऐकण्यात झाली असावी, असा तिचा चेहरा होता.

“का नव्हतं विचारलं?”

सिबरेनने खुर्ची ओढली आणि सगळं सांगायला तो मार्लूससमोर बसला. रेन्स्केने खिडकीकडे वळलेली मान त्याच्याकडे वळवली.