फोटोपुरतं पाणी

आधी केक ठरला. बाप्तिस्म्याची तारीख नंतर.

फ्लेवियाला जाऊन चार महिने झाले होते. एका रविवारी माझा मेहुणा ग्लेन आमच्या मुलुंडच्या घरी आला, पंख्याखाली बसला आणि मोबाइलवर मला केकचे फोटो दाखवायला लागला. तीन मजल्यांचा केक, वर साखरेचा पाळणा, पाळण्यात साखरेचं बाळ.

"गुलाबी की पांढरा?"

"कशाला?"

"बेबीच्या क्रिसनिंगला रे. हॉल बुक केलाय. अडीचशे माणूस. गॉडफादर कोण सांग? क्लिफर्ड साहेब."

क्लिफर्ड म्हणजे बिल्डर. अंधेरीला मरोळच्या गावठाणात माझ्या सासऱ्यांचं जुनं घर आहे. ती सगळी रांग पाडून क्लिफर्ड तिथे टॉवर बांधणार होता आणि आतलं वायरिंगचं काम ग्लेनला हवं होतं. हे गावठाणात सगळ्यांना माहीत होतं. माझी चार महिन्यांची मुलगी मीरा त्यात कुठून आली, ते मला त्या दिवशी कळलं.

स्वयंपाकघरात आईने पातेलं जोरात आपटलं. आम्ही मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, मी मुलुंडला एका कारखान्यात लेथवर आहे. फ्लेविया ख्रिश्चन, पण बोलायला आमच्यापेक्षा चोख मराठी. आमचं लग्न चर्चमध्ये झालं तेव्हा फादरनी तिच्याकडून लिहून घेतलं होतं, मुलं झाली तर ती आपल्या धर्मात वाढवीन म्हणून. मी बाजूलाच बसलो होतो. मला विचारलं, तुला माहीत आहे ना? मी हो म्हणालो. आईला ते कधीच पटलं नाही. फ्लेविया गेल्यावर मीराला तीच सांभाळते. माझी सकाळची पाळी असते, आई नसेल तर मला कामावर जाता येणार नाही. ती मला एवढंच म्हणाली होती, "तेंका काय करूचा ता करू दे. तू हात लावू नको."

मी ग्लेनला खाली सोसायटीच्या गेटपाशी नेलं आणि सांगितलं, मीराचा बाप्तिस्मा झालाय. मीच दिलाय.

तो हसला. मग त्याला कळलं की मी खरं बोलतोय.

"कोणी बघितलं?"

"फ्लेवियाने."

"ती तर गेली," ग्लेन म्हणाला. "मग फादरला सांगायची काय गरज आहे?"

सख्खी बहीण त्याची. 

झालं होतं ते असं. मीरा अकरा आठवडे आधी झाली. नऊशे वीस ग्रॅम. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. फ्लेवियाचं ब्लडप्रेशर उतरत नव्हतं, त्यात ताप भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, बाळाचं काही खरं नाही. फ्लेवियाने मला फादरना फोन करायला लावला. ते बाहेरगावी होते, संध्याकाळपर्यंत पोचणार नव्हते. तिने व्हीलचेअर मागवली आणि पेटीपाशी आली. ताप होता म्हणून तिला पेटीत हात घालू देत नव्हते. बाहेरून काचेला बोट लावून ती बसली होती.

"तू कर," ती म्हणाली.

"मी ख्रिश्चन नाही."

"लागत नाही. जिवावर बेतलं तर कोणीही देऊ शकतं. आम्हाला लहानपणी शिकवलंय."

"मला येत नाही गं."

"मी सांगते. तू पाणी घे."

नर्सने सिरिंजमध्ये पाणी भरून दिलं आणि म्हणाली, जास्त नको, गार पडेल. मी पेटीच्या भोकातून हात आत घातला. मीराचं डोकं लिंबापेक्षा थोडं मोठं होतं. फ्लेविया एकेक शब्द सांगत गेली आणि मी म्हणत गेलो. मीरा, पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो. तीन वेळा थोडं थोडं पाणी सोडलं. ते कपाळावरून कानाकडे वाहिलं. मीराने तोंड वाकडं केलं. फ्लेविया म्हणाली, "झालं. आता मला झोपव."

तीन दिवसांनी ती गेली. मीरा राहिली.

हे मी आईला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे नतालिन ममांना, ग्लेनने सांगितलं. त्यांचा मला फोन आला.

"सुबोध, तू चांगल्या मनाने केलंस रे. पण सिरिंजने कोण करतं? तो काय बाप्तिस्मा झाला? इंजेक्शन झालं. चर्चमध्ये नीट होऊ दे. माझ्या लग्नाच्या साडीची लेस काढून मी तिला गाऊन शिवलाय."

"फ्लेविया म्हणाली झालं म्हणून."

"ती तापात होती."

मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. चर्चमध्ये सगळं त्यांनी केलं की आई त्यांना शिव्या देणार, मला नाही. मीराला सांभाळत राहणार. ग्लेनने फॉर्म भरून आणला. त्यात विचारलं होतं, बाळाचा याआधी बाप्तिस्मा झाला आहे का? ग्लेनने 'नाही' लिहिलं होतं. नाव लिहिलं होतं मारिया.

"मीरा आहे," मी म्हणालो.

"साहेबांच्या आईचं नाव मारिया आहे. घरी मीरा म्हण ना, कोण अडवतंय?"

मी सही केली. त्या सहीचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा ग्लेनचाही नाही.

बाप्तिस्म्याआधी आईवडिलांना आणि गॉडफादर-गॉडमदरना चर्चमध्ये दोन तासांच्या वर्गाला बसावं लागतं. हजेरी घेतात. गॉडमदर म्हणजे क्लिफर्डची बायको, तिने पाय मुरगळल्याचं कळवलं. क्लिफर्डच्या जागी त्याचा ड्रायव्हर नंदू आला. पन्नाशीचा माणूस, कपाळाला बुक्का लावलेला. तो पुसून त्याने वहीत क्लिफर्डच्या नावापुढे सही केली आणि माझ्या बाजूला बसला.

"साहेब बोलले, जाऊन बस आणि काय सांगतात ते नंतर मला शॉर्टमध्ये सांग," तो म्हणाला.

वर्ग घेणाऱ्या बाई शाळेतून रिटायर झालेल्या होत्या, जेसिंता टीचर. त्या म्हणाल्या, गॉडफादर म्हणजे पाकीट देणारा माणूस नव्हे. आईबाप कमी पडले तर मुलाला प्रार्थना शिकवणं, चर्चमध्ये आणणं, त्याला खरं बोलायला लावणं हे त्याचं काम. नंदू मान डोलवत होता. मग त्या म्हणाल्या, "बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. राजाचा असो की भिकाऱ्याचा, दुसऱ्यांदा देता येत नाही. एकदा झाला असताना लपवून पुन्हा घेणं म्हणजे पहिला खोटा म्हणणं. देवाची चेष्टा आहे ती."

मला घाम फुटला. नंदूने रुमाल पुढे केला.

"हे पण सांगू का साहेबांना?" त्याने हळूच विचारलं.

बाप्तिस्म्याच्या रविवारी मीराला लेसचा गाऊन घातला. तो तिच्या पायांच्या खाली हातभर लोंबत होता. लेस टोचत होती आणि ती रडून रडून लाल झाली होती. ममा म्हणाल्या, रडू दे, फोटोत गोड दिसतं. चर्चच्या दारात व्हिडिओवाल्याने दिवा लावला. फुलांच्या कमानीवर थर्माकोलची अक्षरं होती, मारिया. फ्लेवियाचा फोटो कुठेही नव्हता. मी विचारलं तर ग्लेन म्हणाला, "आनंदाच्या दिवशी ते कशाला? लोकं रडायला लागतील." आई आली होती, पण आतल्या शेवटच्या बाकापाशी दुधाची बाटली धरून उभी होती.

क्लिफर्ड शेवटी आला. अत्तराचा एवढा वास की मीरा शिंकली. त्याने तिचा गाल दोन बोटांनी धरला आणि ग्लेनला विचारलं, "बॉय आहे ना?"

फादर तरुण होते, वसईकडचे, नुकतेच बदलून आलेले. पद्धत अशी की ते दारातच आईवडिलांना विचारतात.

"या बाळाला तुम्ही काय नाव दिलं आहे?"

"मारिया," ग्लेन माझ्या आधी म्हणाला.

"या बाळासाठी तुम्ही देवाच्या मंडळीकडे काय मागता?"

इथे मी 'बाप्तिस्मा' म्हणायचं होतं. टीचरनी तीन वेळा म्हणवून घेतलं होतं. मी मीराकडे बघितलं. लेसमुळे तिच्या मानेवर पुरळ उठलं होतं.

"फादर, तो तिला मिळालाय," मी म्हणालो. "हॉस्पिटलमध्ये. मीच दिला. आणि तिचं नाव मीरा आहे."

 व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली केला. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला, ती आईच्या हातातली बाटली होती.

फादर मला वेदीमागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांनी विचारलं, पाणी साधं होतं का? डोक्यावरून वाहिलं का? शब्द काय म्हणालास? मी म्हणून दाखवले. चार महिने रोज मनात म्हणत होतो, एकही चुकला नाही. त्यांनी विचारलं, का केलंस? मी म्हणालो, तिला करायचं होतं, हात घालू देत नव्हते म्हणून मी केलं. तिच्या मनात होतं तेच.

"मग झाला," ते म्हणाले. "माझा जेवढा खरा, तेवढाच तिचा. फॉर्मवर 'नाही' का लिहिलंस?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

"सगळ्यांचीच."

"तुझ्या बायकोचं शेवटचं काम तू पुसायला निघाला होतास," फादर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मारायलाच पाहिजे होतं.

बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, या मुलीचा बाप्तिस्मा झालेला आहे. आज राहिलेले विधी होतील, तेल, पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती. पाणी ओतायचं नाही.

ग्लेन पुढे झाला. "फादर, एवढी माणसं आलीत. फोटोपुरतं तरी ओता ना. तुम्ही काही बोलू नका, नुसतं पाणी ओता."

आजूबाजूचे दोघेतिघे मान हलवत होते. म्हणजे त्यांनाही ते रास्त वाटत होतं. नुसतं पाणी, आत काही नसलेलं, कॅमेऱ्यासाठी. मी इतकी वर्षं तेलात, ग्रीसमध्ये हात घालतोय, मला कशाची किळस येत नाही. त्या वाक्याची आली.

"नाही," फादर म्हणाले. "आणि गॉडफादर कुठे आहेत?"

क्लिफर्ड बाहेर पायऱ्यांवर फोनवर बोलत होता. फादरनी मीराच्या डोक्याला तेल लावलं. मोठ्या मेणबत्तीवरून छोटी पेटवली आणि क्लिफर्डची वाट न बघता माझ्या हातात दिली. ममा रडत होत्या. "माझ्या नातीला एका हिंदूने..." एवढंच बोलल्या आणि पुढचं गिळलं. मी त्यांचा जावई होतो, सात वर्षं.

आम्ही हॉलवर गेलो नाही. पायऱ्या उतरताना नंदू धावत आला.

"मेणबत्ती टाकू नका कुठे. घरी न्यायची असते, टीचर बोलली होती."

अडीचशे माणसांत ते एकट्या त्याच्याच लक्षात होतं.

जेवणं आमच्याशिवाय झाली. दुपारी ग्लेनने व्हिडिओ पाठवला, का ते त्यालाच माहीत. गाणं लागलंय, सगळे टाळ्या वाजवताहेत, केक कापला जातोय. वरचं साखरेचं बाळ कोणीतरी उचलून क्लिफर्डच्या तोंडात घालतं. तो ते दातांनी फोडतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. मी तो पुसून टाकला, पण ते डोळ्यांपुढून जात नाही.

आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मीराचं सगळं करत होती. मी रोज वाट बघत होतो, बॅग कधी भरते आणि गावाला कधी निघते. पाचव्या दिवशी ती मीराला पायांवर घेऊन आंघोळ घालत होती. मी कामावरून येऊन दारात उभा राहिलो.

"पाणी खयचा होता?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"कुठलं?"

"तू घातलंस ता."

"हॉस्पिटलचं. नर्सने दिलेलं."

"उकाळलेला होता मा?"

"होय."

तिने मीराच्या डोक्यावर तांब्या ओतला. कपाळावरून पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून तळहात आडवा धरला होता.

"आणि ती बघी होती?"

"बघत होती. तिनेच सांगितलं कसं करायचं."

आईने मीराला टॉवेलात गुंडाळलं, कान पुसले, पुरळ उठलं होतं तिथे खोबरेल लावलं. मी म्हणालो, रविवारी मी तिला चर्चमध्ये नेणार आहे, इथल्याच, आपल्या जवळच्या. फादरना विचारून आलोय. तिला शिकवायचं तर आधी मला काहीतरी यायला हवं. मला एक ओळ येते, तेवढीच.

"तो केकवालो येतलो?"

"नाही. कोणी नाही."

"मी आत येवचंय नाय," आई म्हणाली. "भायर बसान. भूक लागली तर तिका दूध कोण पाजतला?"